टायमर काढा, मग पॉइंटरचा दोष दिसेल: निपाणीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: तंबाखू वखारीच्या खरेदी-पावतीच्या प्रोग्रामात माउसचा पॉइंटर मनाला येईल तसा बदलत होता, तुम्ही दर ५० मिलिसेकंदांनी ‘सेटकर्सर’ (पॉइंटरचा आकार बसवणारं विंडोजचं फंक्शन) बोलावणारा टायमर लावला आणि काम भागलं, मग मी मागे विंडोजच्या मेसेजांचं (विंडोज प्रोग्रामच्या प्रत्येक विंडोला पाठवतं त्या सूचनांचं) एवढं पुराण कशाला लावलं?

काम भागलेलं नाही. माउस हलला की त्याखालच्या विंडोला (बटण, चौकट हीसुद्धा विंडोजच्या लेखी विंडोच) ‘डब्ल्यूएम_सेटकर्सर’ हा मेसेज जातो आणि पॉइंटर दर वेळी नव्याने ठरतो. टायमर एक आकार बसवतो, माउस हलताच दुसरा येतो, म्हणून तो लुकलुकतो. शिवाय मोठा हिशेब चालू असताना मुख्य थ्रेड (मेसेज हाताळणारा प्रोग्रामचा धागा) अडकलेला असतो; तेव्हा टायमरचा मेसेज हाताळलाच जात नाही.

‘मराठीत ठीक, कन्नड निवडलं की वजनाच्या चौकटीवर टाइप करायच्या खुणेऐवजी बाण’ हे तुमचंच वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एकच फॉर्म दोन्ही भाषांत चालवावा लागतो. लेबलचा ‘ऑटोसाइझ’ (मजकुराप्रमाणे आपोआप आकार बदलणं) चालू असेल तर लांब मजकुरासोबत लेबल रुंदावतं आणि शेजारच्या चौकटीवर चढतं. मागचा रंग सारखाच असल्याने ते डोळ्यांना कळत नाही, पण वर लेबल असल्याने पॉइंटर तेच ठरवतं. लेबलला तात्पुरता भडक पिवळा रंग द्या, लगेच उघडं पडेल. लेबलं आणि चौकटी ‘टेबललेआउटपॅनेल’ या ओळी-स्तंभांत मांडणी करणाऱ्या कंट्रोलच्या वेगळ्या स्तंभांत ठेवा.

आकार बदलायचा दुहेरी बाण तक्त्यावर चिकटून राहतो, ही तुमची दुसरी तक्रार; तो दोष निराळा. तो तक्ता जुना सी++ कंट्रोल आहे, असं तुम्ही लिहिलंय. स्पाय++ (विंडोंची माहिती दाखवणारं व्हिज्युअल स्टुडिओचं साधन) मधला फाइंडर, म्हणजे विंडो निवडायची खूण, त्याच्यावर टाका (६४-बिट प्रोग्रामला ६४-बिट स्पाय++च हवं) आणि क्लासच्या (त्या प्रकारच्या सगळ्या विंडोंच्या सामायिक नोंदीच्या) टॅबवर कर्सर, म्हणजे पॉइंटरचा ठरलेला आकार, पाहा. तिथे काहीच नसेल आणि कंट्रोलही मेसेज हाताळत नसेल, तर कडेवर आलेला बाण आतही तसाच राहतो. नोंदणी करताना क्लासला साधा बाण द्या. मेसेज स्वतःच हाताळायचा असेल तर हिट-कोड (माउस विंडोच्या कोणत्या भागावर आहे ते सांगणारा आकडा) ‘एचटीक्लायंट’, म्हणजे विंडोचा आतला भाग, असतानाच कर्सर बसवून ‘ट्रू’ परत करा. बाकी सगळं ‘डेफविंडोप्रोक’ या विंडोजच्या नेहमीच्या हाताळणीकडे सोडा. ही अट विसरली की विंडोच्या कडांवरचे बाण गायब होतात, आणि ती नवी तक्रार.

ब्रेकपॉइंट (प्रोग्राम मधेच थांबवायची खूण) इथे उपयोगाचा नाही. डीबगरकडे माउस नेला की तपासायची स्थितीच मोडते. त्याऐवजी ‘आउटपुटडीबगस्ट्रिंग’ने, म्हणजे प्रोग्राम न थांबवता डीबगरला मजकूर पाठवणाऱ्या फंक्शनने, विंडोचा हँडल (तिचा ओळख-क्रमांक) आणि हिट-कोड लिहून काढा.

वाट पाहायचा गोल अडकत असेल तर तो पूर्ववत करणारी ओळ ‘फायनली’मध्ये (एरर आली तरी चालणाऱ्या भागात) आहे ना, एवढं बघा, नाहीतर मधेच एरर आली की ती ओळ चुकते.

टायमर आधी काढा, मग दोन्ही भाषांतला लॉग इथे टाका. कोणत्या हँडलवर काय येतं ते ओळीओळीने बघू.