पिनकोड ही हद्द नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत की पिनकोड आणि नगरपरिषदेची हद्द जुळत नाही हा टपाल खात्याचा ढिसाळपणा आहे आणि मी तो पाठीशी घालतोय. प्रत्येक ग्रामपंचायतीला स्वतंत्र पिन द्या म्हणजे प्रश्न मिटेल, असंही तुमचं म्हणणं. घरपट्टी ग्रामपंचायतीत भरायची आणि फॉर्ममध्ये पिन टाकला की गावाच्या जागी आपोआप 'रत्नागिरी' शहर उमटायचं, याचा तुम्हाला संताप येतो. तो रास्तच आहे. पण दोष पिनचा नाही, फॉर्मचा आहे.

15 ऑगस्ट 1972 ला पिन सुरू झाला तो टपालाची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून. श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या या योजनेत पहिले तीन आकडे वर्गवारीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट. या जिल्ह्याचा कलेक्टर कचेरीशी संबंध नाही. म्हणून वेगळ्या जिल्ह्यांतल्या गावांचे पहिले तीन आकडे एकच असू शकतात: रत्नागिरी 415612 आणि घाटापलीकडचं सातारा 415001. मालवण 416606, कोल्हापूर 416001. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला, तरी पालघरचा पिन 401404 आणि ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडचा 401107.

तुमच्या उपायाचा हिशेब करून पाहा. देशात 1.5 लाखाहून जास्त पोस्टं आहेत, पिन मात्र 19,000च्या आसपास, कारण एका उपडाकघराखालच्या शाखा डाकघरांचा पिन एकच असतो. एकट्या महाराष्ट्रात ग्रामपंचायती 27,000हून अधिक. शिवाय नगरपरिषदेची हद्दवाढ झाली की पिनही बदलायचा का? मग आधार, बँक, वीजबिल, सगळीकडे लोकांनीच खेटे घालायचे.

आपल्याकडे पत्त्यावर 'मु.' वेगळं आणि 'पो.' वेगळं लिहायची पद्धत होती. राहतो तो गाव एक, टपाल येतं ते पोस्ट दुसरं, हे त्या दोन अक्षरांत स्पष्ट होतं. संगणकाच्या फॉर्मने दोन्ही एका रकान्यात कोंबलं, आणि मला खरी चीड येते ती इथे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी वेगळी, ग्रामीण वेगळी. पिनवरून गाव ठरवणारा फॉर्म गरजू माणसाला चुकीच्या दारात उभा करू शकतो.

केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला, ग्रामपंचायतीला, नगरपरिषदेला आपापला क्रमांक आहे. पत्त्याच्या नोंदीत तो पिनशेजारी स्वतंत्र ठेवावा. मे 2025 मध्ये टपाल खात्याने आणलेला दहा अक्षरांचा डिजिपिन साधारण 4 मीटर बाय 4 मीटरचा चौकोन दाखवतो. तोही हद्द सांगत नाही, पण घराचा नेमका बिंदू देतो. तो बिंदू हद्दीच्या ताज्या नकाशावर ठेवला की घर कोणाच्या हद्दीत ते कळतं, आणि हद्दवाढ झाली तर नकाशा बदलावा लागतो, लोकांचा पत्ता नाही. तक्रार करणार असाल तर फॉर्म बनवणाऱ्या खात्याकडे करा. मागणी एवढीच ठेवा: पिन टाकल्यावर भरलेलं गाव अर्जदाराला बदलता आलं पाहिजे. मसुदा लिहायला मी तयार आहे.