कर्ज पोराचं, सही बापाची

महाराष्ट्रातल्या नातेवाईकांशी फोनवर बोलताना हल्ली विषय फिरून फिरून शिक्षणाच्या खर्चावर येतो, आणि आला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, सरकारने फी माफ करायचं बंद करावं, अमेरिकेत बघा, पोरं स्वतःच्या नावावर कर्ज काढतात, स्वतः फेडतात, बापाच्या जिवावर कोणी बसत नाही. दुसरी पार्टी म्हणते, अमेरिकेतली पोरं कर्जात बुडालीयेत, आपल्याकडे ती भानगड नाही, आपल्याकडे आईबाप करतात. मी स्वतः शैक्षणिक कर्ज काढून इथे अमेरिकेत आले, आता मुलगी कॉलेजच्या तोंडावर आहे, आणि दोन्ही पार्ट्यांचं ऐकून मला एकच वाटतं की कागदावर सही कोणाची असते हे बघायची कोणालाच इच्छा नाहीये.

आधी इथलं सांगते, कारण तिकडे अर्धंच पोचतं. अमेरिकेत साधारण सव्वाचार कोटी लोकांच्या डोक्यावर केंद्र सरकारचं शिक्षणाचं कर्ज आहे, एकूण रक्कम दीड लाख कोटी डॉलरच्या वर. १८ वर्षांचं पोरगं ऑनलाइन फॉर्म भरतं, उत्पन्न कमी म्हणून कोणी नाकारत नाही, तारण नाही, जामीनदार नाही, कर्ज मंजूर. इथपर्यंत पहिली पार्टी बरोबर आहे. पण पदवी शिकणाऱ्या, आईबापावर अवलंबून असलेल्या मुलाला सरकार पहिल्या वर्षी फक्त ५,५०० डॉलर देतं आणि सगळी वर्षं मिळून ३१,००० च्या वर जाऊ देत नाही. आता नामवंत खाजगी कॉलेजात राहण्या-जेवणासकट वर्षाचा छापील आकडा ९०,००० डॉलरच्या पुढे गेलाय. अर्थात तो आकडा सगळे भरत नाहीत, उत्पन्न बघून कॉलेजच बरीच सूट देतं, अमेरिकेतल्या ज्या राज्यात राहतो तिथल्याच सरकारी कॉलेजात गेलं तर सरासरी फी वर्षाला साडेअकरा हजार डॉलरच्या आसपास, आणि आधी दोन वर्षं स्वस्तातलं स्थानिक कम्युनिटी कॉलेज करून मग मोठ्या विद्यापीठात जाणारे तर पुष्कळ. तरीही खड्डा उरतो तो उरतोच, आणि तो भरायला आईबापांसाठी सरकारचं वेगळं कर्ज आहे, पॅरेंट प्लस म्हणतात, किंवा मग खाजगी बँक, जिथे पोराच्या कर्जावर बापाची सही लागते. म्हणजे बाप इथेही आहेच, फक्त तिकडे फोटो पोचतो त्यात दिसत नाही.

आणि हे असं नेहमीच नव्हतं हे तर कोणी सांगतच नाही. न्यूयॉर्क शहराचं विद्यापीठ १९७६ पर्यंत फुकट होतं, अमेरिकेत, भांडवलशाहीच्या माहेरघरात. शहर दिवाळखोरीच्या काठावर आलं आणि फी लागली. १९६५ च्या कायद्याने सरकारी हमीची कर्जं सुरू झाली तेव्हा हेतू चांगलाच होता, गरिबाच्या पोराला दार उघडायचं. पण पुढे राज्यांनी मंदी आली की कॉलेजांचा पैसा कापला, कॉलेजांनी फी वाढवली, आणि पोरांना कर्ज मिळतंय ना, मग काय, असं करत करत सरकारच्या खिशातला खर्च हळूहळू विद्यार्थ्याच्या खात्यावर आला. १९८७ मध्ये रेगन यांचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी लिहिलं होतं की सरकारी मदत वाढते म्हणूनच कॉलेजं बिनधास्त फी वाढवतात. माझं त्यांच्या राजकारणाशी काडीचंही जमणार नाही, आणि अर्थशास्त्रज्ञ अजून त्यावर भांडतायत, पण निदान एका बाबतीत मला ते पटतं. २००६ मध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी असं कर्ज निघालं की कॉलेज जो खर्च सांगेल तो पूर्ण मिळणार. दुकानदारच किंमत ठरवणार आणि दुकानदाराने सांगितली तेवढी उधारी सरकार देणार, मग किंमत उतरेल कशाला? शेवटी २०२५ च्या कायद्याने ते कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना बंद केलं आणि पदव्युत्तरसाठी एकूण १ लाख डॉलर, डॉक्टर-वकिलांसाठी २ लाख अशी मर्यादा घातली. आता लोक म्हणतायत की उरलेल्यासाठी पोरं खाजगी बँकेकडे जातील, आणि ती भीती खोटी नाही.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे "ती भानगड नाही" म्हणणाऱ्यांनी एकदा बँकेत जाऊन शैक्षणिक कर्जाचा फॉर्म वाचावा. पोराला एकट्याला कर्ज मिळतच नाही, आई किंवा बाप सहकर्जदार असतात. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका सहसा तारण मागतात, आणि मध्यमवर्गीयाकडे तारण म्हणजे काय असतं, राहतं घर, नाहीतर जमीन, नाहीतर रिटायरमेंटची एफडी. हप्ता थकला तर पोराबरोबर बापाचाही सिबिल जातो, आणि फारच थकलं तर २००२ चा सरफेसी कायदा आहे, ज्यात तारण ताब्यात घ्यायला बँकेला कोर्टात दावा लावायची वाट बघावी लागत नाही. म्हणून आपल्याकडे विद्यार्थ्यांचं कर्ज बातमीत दिसत नाही, ते कुटुंबाच्या पोटात असतं. इथे अमेरिकेत आकडा वर्तमानपत्रात येतो कारण कर्ज सरकारचं आहे, सरकार मोजतं. आपल्याकडे बापाने पीएफमधून काढलेले, मामाकडून आणलेले, आईच्या बांगड्यांवर उचललेले पैसे कोण मोजणार?

आणि महाराष्ट्राने तर अमेरिकेसारखाच प्रकार स्वतःच्या पद्धतीने केलाच आहे की. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, त्याचं कौतुकही खरं आहे, त्याआधी पोरं कर्नाटकात जाऊन डोनेशन भरायची, जागा वाढल्या, तालुक्यातली पोरं इंजिनिअर झाली, मीही त्याच कॉलेजांपैकी एकातली. पण त्या 'विना' मध्ये सगळं आलं, सरकारने जागा वाढवल्या आणि खर्च घरावर टाकला. मग कॅपिटेशन, म्हणजे तेच डोनेशन, मग ह्याच पैशांवरून सुप्रीम कोर्टात खटल्यांची रांग, १९९२ चा मोहिनी जैन, १९९३ चा उन्नीकृष्णन, २००२ चा टीएमए पै, २००५ चा इनामदार, आणि शेवटी फी ठरवायला प्राधिकरण. प्राधिकरण कॉलेजचा खर्च बघून फी ठरवतं, म्हणजे ज्याने खर्च जास्त दाखवला त्याची फी जास्त, हे गणित कोणालाही कळतं.

त्यात २०२४ मध्ये राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ केली. आधी ५० टक्के होती. पहिल्या पार्टीचा राग मुख्यतः ह्याच्यावर आहे. मला हा निर्णय मनापासून आवडला, कारण दोन पोरं शिकवायची आणि पैसे एकाचेच असले की कोणाचं शिक्षण थांबतं हे आपल्याला माहितीये. पण "फुकट" म्हणणाऱ्यांनी हेही बघावं की सरकार ते पैसे कॉलेजला नंतर देतं, बऱ्याचदा खूप नंतर, आणि तोवर कॉलेज पोरीच्या बापाला सांगतं की तुम्ही आधी भरा, सरकारचे आले की परत देऊ, किंवा हमीपत्र लिहून घेतं. शिवाय होस्टेल, मेस, प्रवास, लॅपटॉप, डेव्हलपमेंट फी हे सगळं राहतंच. शहरात खोली घेऊन राहायचं तर त्याचाच खर्च फीला गाठतो. अमेरिकेतही नेमकं तेच आहे, सरकारी कॉलेजात राहण्या-जेवणाचा खर्च फीपेक्षा जास्त येतो, पण भाषणं सगळी फीवर. आपल्याकडे निर्वाह भत्त्याच्या स्वाधार आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह योजना आहेत, त्यांच्याबद्दल मात्र कोणी फोनवर भांडत नाही.

माफीवरून आठवलं. ऑगस्ट २०२२ मध्ये बायडन यांनी १० हजार डॉलरपर्यंत, पेल ग्रँट ही सरकारी मदत घेतलेल्या गरीब घरातल्यांना २० हजारांपर्यंत कर्ज माफ करायचं जाहीर केलं तेव्हा इथल्या मराठी मंडळींच्यात जे ऐकलं ते शब्दशः गावाकडच्या पारावरचं होतं. आम्ही पोटाला चिमटा काढून फेडलं, मग ह्यांना का माफ? गंमत म्हणजे तिकडे शेतकऱ्यांच्या कर्जमाफीच्या नावाने बोटं मोडणारे काही जण इथे पोरांच्या माफीसाठी अर्ज भरून बसले होते, आणि उलटेही होते. जून २०२३ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने ती माफी रद्द केली. पण एक गोष्ट आपल्या राज्याला जमली जी इथे कोणी केली नाही, महात्मा फुले कर्जमुक्ती योजनेत नियमित फेडणाऱ्या शेतकऱ्यालाही ५० हजारांपर्यंत प्रोत्साहन ठेवलं होतं. इथे वेळेवर फेडणाऱ्याला शाबासकीसुद्धा मिळाली नाही, आणि थकवणाऱ्याची गत वेगळीच. केंद्राचं कर्ज २७० दिवस थकलं की डिफॉल्ट, मग सरकार पगारातून १५ टक्क्यांपर्यंत परस्पर कापू शकतं, टॅक्सचा रिफंड अडवू शकतं, आणि बाकी बहुतेक कर्जं दिवाळखोरीत सुटतात तरी हे सहजी सुटत नाही.

तरीही इथल्या व्यवस्थेतली एक गोष्ट मला आपल्याकडे हवी आहे, आणि ती कर्ज सोपं मिळणं ही नाही. हप्ता उत्पन्नाशी बांधलेला असणं. नोकरी गेली, पगार कमी झाला, तर केंद्राच्या कर्जाचा हप्ता खाली येऊ शकतो. त्या योजना भयंकर किचकट आहेत, दर राष्ट्राध्यक्षागणिक बदलतात, बायडन यांची सेव्ह योजना कोर्टाने अडवली, लोक कंटाळलेत, सगळं मान्य. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून हेच जास्त सरळ केलंय, कमाई ठराविक मर्यादेच्या वर गेली की टॅक्सबरोबरच कापायचं, नाहीतर नाही. आपल्याकडे शिक्षण संपून वर्ष झालं की हप्ता सुरू, पगार २० हजार असो की २ लाख. टॅक्स भरणारे मूठभर, त्यामुळे ऑस्ट्रेलियाचं जसंच्या तसं जमणार नाही हे मला कळतं, पण नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी मंजूर झाली, ८६० चांगल्या संस्थांसाठी तारणाशिवाय, जामीनदाराशिवाय कर्ज, ८ लाखांपर्यंत उत्पन्नवाल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत, तेव्हा एवढं केलंच होतं तर हप्त्याला पगाराच्या टक्केवारीची मर्यादा घालणं अगदीच अशक्य होतं का? घर सुटलं हे उत्तम झालं. पण ते सुटलं फक्त देशातल्या त्या यादीतल्या कॉलेजांपुरतं.

परदेशी येणाऱ्यांचं काय, तर तिथे घर बऱ्याचदा अजून गहाणच आहे. २०२३-२४ मध्ये अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांवर भारतीय विद्यार्थी होते, चीनपेक्षा जास्त. ह्यातल्या एकालाही इथलं सरकारी कर्ज मिळत नाही, म्हणजे पहिली पार्टी ज्या स्वावलंबी पोरांचं कौतुक करते त्यांच्यात आपली पोरं बसतच नाहीत. दोन वर्षांच्या मास्टर्सला ५० लाखांचं कर्ज काढलं, ११ टक्के व्याज, दहा वर्षं, तर हप्ता साधारण ६९ हजार, आणि शिकतानाचं व्याज भरलं नसेल तर त्याहून जास्त. इथे नोकरी लागली तर तो हप्ता डोळे मिटून जातो. नाही लागली आणि परत यावं लागलं तर पहिल्या नोकरीचा पूर्ण पगारही पुरत नाही, आणि मग हप्ता रिटायर झालेल्या बापाच्या पेन्शनमधून जातो. नोकरी लागेल की नाही हे पोराच्या हुशारीवर तरी कुठे आहे, शिकल्यावर एक वर्षाचं ओपीटी, म्हणजे इथे नोकरी करायची परवानगी, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी दोन, मग एच-वन-बी ह्या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी, अक्षरशः लॉटरी, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तर नव्या अर्जावर १ लाख डॉलरची फी जाहीर झाली, मग ती कोणाला लागू आणि कोणाला नाही याचे खुलासे येत राहिले. अशा धंद्यावर राहतं घर लावायला कोणताही शहाणा व्यापारी तयार होणार नाही, शिक्षणाच्या नावाने आपण मात्र लावतो.

मुलांच्या मनावर त्याचं जे होतं ते वेगळंच. बापाचं घर गहाण आहे हे माहीत असलेलं पोरगं नोकरीत वाटेल ते सहन करतं, विषय बदलायचा असला तरी बदलत नाही, संशोधनाकडे तर फिरकतही नाही. मला मास्टर्सनंतर पीएचडीला जागा मिळत होती. पहिला विचार आला हप्त्याचा, आणि मी नोकरी धरली. बाबा एका शब्दाने बोलले नव्हते.

आता भाचा यायचं म्हणतोय. नको म्हणायचा मला काय अधिकार, मीच इथे बसलेय. त्याला आणि दादाला एवढंच सांगितलंय की आधी फंडिंग देणारे कोर्स बघा, जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाहीच्या बरोबर आहे तेही बघा, आणि अमेरिकाच करायची असेल तर बँकेकडून लेखी घ्या की अर्धं कर्ज फिटल्यावर तारणातलं काय सुटतं, शिकतानाचं निदान साधं व्याज तरी दर महिन्याला भरत राहा, आणि दुसऱ्या वर्षाची फी आजच्या भावाने काढू नका. २०११ च्या सुरुवातीला डॉलर ४५ च्या आसपास होता, आता ८५ च्या वर आहे, तेव्हा पाच-सात रुपये चढे धरूनच आकडा लिहा, आणि तो आकडा वहिनीलाही दाखवा, कारण घर तिच्याही नावावर आहे.