मंदी फक्त नाटकाच्या तिकिटालाच का लागते?

"नाहीतरी खुर्च्या रिकाम्याच राहणार ना, काका?"

शनिवारी रात्री साडेनऊला फोनवर हे ऐकून घेतलं. बोलणारा पंचेचाळिशीचा, कानाशी पिकलेला, आणि मी, नाटकाच्या तिकीटखिडकीवर बसणारा, त्याचा काका. असो, काका तर काका. या गृहस्थाच्या सोसायटीने रविवारी दुपारच्या प्रयोगाची बेचाळीस तिकिटं सांगून ठेवली होती. सी, डी, ई अशा तीन रांगांवर मी स्वतः पेन्सिलने खुणा केल्या होत्या. त्या खुणांपायी गुडघे दुखणाऱ्या दोन आज्यांना एम रांगेत पाठवलं. त्या बिचाऱ्या रोख पैसे घेऊन खिडकीवर उभ्या होत्या, आणि मी म्हणतोय, "आजी, पुढचं सगळं गेलं हो."

शुक्रवारी साहेबांचा निरोप, पेमेंट उद्या करतो. शनिवारी दिवसभर फोन बंद. आणि रात्री: "काका, कॅन्सल करूया. मार्केट फार डाऊन आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये दोघातिघांचे जॉब गेलेत. लोकांचा मूड नाही."

मी म्हटलं ठीक आहे. नोकरी गेलेल्या माणसाला नाटक बघायला या म्हणण्याइतका निर्लज्ज मी अजून झालेलो नाही. फोन ठेवणार, तेवढ्यात आवाज खाली आला. "सहा पास जमतील का? घरचेच आहोत." आणि मग ते वर लिहिलेलं वाक्य.

दिले. काय करणार! पुढच्या तीन रांगा भुंड्या दिसल्या की कलाकारांचे चेहरे पडतात, विनोद उसळत नाही, आणि निर्माता मध्यंतरात येऊन माझ्याकडे असा बघतो की जणू देशाचा जीडीपी मीच पाडलाय.

तिसरी घंटा होऊन दहा मिनिटं झाल्यावर मंडळी उगवली. भलीमोठी गाडी, पार्किंगवाल्याशी हुज्जत, डोअरकीपरला "पास आहेत आमच्याकडे" असं दमात सांगणं. अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून अर्ध्या रांगेला उठवून बसले. बसल्यावर मला मेसेज: "मधल्या सीट्स नव्हत्या का?" मध्यंतरात सहा वडे, सहा कॉफी, पोरांना वेफर्स. बिल एका तिकिटाच्या आसपास झालं असेल, ते मुकाट्याने, स्कॅन करून, हसत हसत दिलं. दुसऱ्या अंकात ऐन गंभीर प्रसंगात साहेबांच्या मांडीवर निळा उजेड. रविवारी शेअर बाजार बंद असतो हो! तरी हा माणूस काय बघत होता देव जाणे.

आणि कळस पुढेच. पडदा पडल्यावर मंडळी सरळ आत रंगपटात. प्रमुख कलाकाराच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी. मग गंभीर चेहरा करून: "सर, तिकिटाचं जरा बघा ना. सामान्य माणसाला परवडत नाही आता."

पास! पासावर आलेला माणूस!! मी मागे विंगेत होतो, तोंडात सुपारी होती म्हणून वाचला. सोमवारी सकाळी त्याच्या स्टेटसला तोच सेल्फी, खाली लिहिलंय, 'सपोर्ट मराठी नाटक', आणि लाल बदाम.

याच माणसाने जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या विलायती बँडच्या कॉन्सर्टचे फोटो टाकले होते. नेरुळचं ते स्टेडियम वाशीच्या भावे नाट्यगृहापासून तीन स्टेशनं. तिथे तिकीट सुरूच अडीच हजारापासून, आणि तेही मिळत नाही म्हणून लोक रडत होते. मला कोल्डप्लेबद्दल आकस नाही. पण तिकडे हजारो रुपये गेले की तो 'अनुभव', आणि इकडे चारशे रुपये म्हटले की लगेच जागतिक मंदी, अमेरिकेचं टॅरिफ, आयटीतली कपात, पोराच्या क्लासची फी. घरखर्चाला कात्री लावायची वेळ आली की पहिलं कापड नाटकाचंच. हॉटेलिंग कमी होत नाही, गोव्याची ट्रिप रद्द होत नाही, फोन दर दोन वर्षांनी बदलतोच.

तिकीट परवडत नाही म्हणणाऱ्यांनी जरा खिडकीच्या या बाजूला येऊन बसा. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे. त्याच्या वर गेलात की अठरा टक्के. ही पाचशेची रेघ २०१८ सालापासून तिथेच आहे. डिझेल तिथे नाही, टेम्पोचं भाडं तिथे नाही, पेपरातल्या जाहिरातीचा दर तिथे नाही, पण पहिल्या रांगेचं तिकीट मात्र तिथेच खिळलंय. आणि नाट्यगृहात चाळीस माणसं असोत की आठशे, खर्च तेवढाच. सेट तेवढाच लागतो, बस तेवढीच, एसी तेवढाच. (एसी चालू असेल तर. तो वेगळा विषय आहे, त्यावर मी बोलायला लागलो तर पहाट होईल.)

अ‍ॅपवाले तर बोलूच नका. तिकिटावर त्यांची ती 'कन्व्हिनिअन्स फी'. कुणाची सोय? प्रेक्षक शिव्या नाटकवाल्याला घालतो.

आमची नोटाबंदी तुम्हाला आठवते का? ८ नोव्हेंबर २०१६, मंगळवार. पुढच्या शनिवार-रविवारी खिडकीवर जो तो जुनी पाचशेची नोट पुढे करतोय, जणू मी बँक आहे. नाही म्हटलं की "अहो, एवढं नाटक का करताय?" हा विनोद त्या आठवड्यात खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःलाच सुचला असं वाटत होतं. मग कोविड. २२ ऑक्टोबर २०२१ ला नाट्यगृहं पुन्हा उघडली ती पन्नास टक्क्यांनी. एक खुर्ची सोडून एक फुली. सेट काय अर्धा न्यायचा? नायिकेला म्हणायचं, बाई, अर्धंच रडा?

आणि या सगळ्यात पुढाऱ्यांचे कार्यक्रम. तीन महिने आधी तारीख मिळवायची, जाहिरात द्यायची, बुकिंग उघडायचं, आणि चार दिवस आधी फोन येतो की 'साहेबांचा सत्कार आहे, तुमची तारीख सोडा'. सत्काराला मंदी नसते. सत्काराचे हारही कमी होत नाहीत.

माझ्या आधी खिडकी सांभाळणारे एक बुजुर्ग होते, त्यांनीच मला हा धंदा शिकवला. ते सांगायचे, परळ-लालबागच्या प्रयोगाचं गणित गिरणीच्या पगाराच्या तारखेवर बसवायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि पगाराची तारीखच गेली. हातात पैसा नाही म्हणून न येणारा तो प्रेक्षक होता. तो खिडकीपर्यंत यायचा, बोर्ड वाचायचा आणि परत जायचा. पास मागत नव्हता. आता तर त्या भागातलं शंभरी पार केलेलं दामोदर नाट्यगृहही २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं.

बरं, इथे जरा पाणी पितो. बायको मागून वाचतेय आणि विचारतेय, "तुम्ही शेवटचं तिकीट कधी काढलंत?"

हा प्रश्न गैरलागू आहे. आम्ही लाइनीतले लोक. दुसऱ्याच्या प्रयोगाला गेलो की खिडकीवरचा हात करतो, आपण आत. आमच्या घरात तिकीट नावाची वस्तू विकत घ्यायची असते हे कुणाला माहीतच नाही. मुलगा आयटीत आहे, सध्या बेंचवर, म्हणजे हाताला काम नाही, त्यामुळे घरात मार्केट डाऊन हा शब्द चहाबरोबर येतो. त्याच्या पैशावर तीन ओटीटी चालतात आणि रात्री प्रयोगावरून आलो की मीही त्यातलंच काहीतरी बघत झोपतो. काल भाजीवालीला मी स्वतः म्हटलं, "मंदी आहे बाई, दोन रुपये कमी कर." तिने माझ्याकडे बघितलं ते नेमकं मी त्या पासवाल्याकडे बघतो तसं.

पण बायकोच्या प्रश्नाने माझा मुद्दा पडत नाही!

कारण मंदी आली की नाटकात काय कमी होतं ते बघा. मोठ्या नावाची नाइट, म्हणजे एका प्रयोगाचे पैसे, कमी होत नाही, तो चेहरा नसेल तर तुम्ही येणार नाही. कमी होतात ती मागची माणसं. सेट लावायला चार होते तिथे दोन. प्रकाश आणि संगीत, दोन्हीची बटणं एकच पोरगा दाबतोय. पूर्वी मंगळवार-गुरुवारीही प्रयोग लागायचे, बॅकस्टेजच्या पोराला आठवड्यात पाच-सहा नाइट पडायच्या. आता सगळ्यांना रविवारच हवा. त्याला पडतात दोन, फार तर तीन. उरलेले दिवस तो पार्सलं पोचवतो. परवा एका सोसायटीत पार्सल द्यायला गेला तर गेटवर त्याला लिफ्ट कुठली वापरायची ते सांगितलं. त्याच सोसायटीतल्या एका बाईंनी त्याने उभारलेला सेट बघून टाळ्या वाजवल्या होत्या, पासावर.

आणि नाटकं? लेखक येतो, म्हणतो नऊ पात्रं आहेत, तीन स्थळं आहेत. निर्माता छातीवर हात ठेवतो. मग नऊची चार होतात, चाराची दोन, तीन स्थळांचा एक सोफा. पाच वर्षांत मी इतके सोफे बघितलेत की फर्निचरचं दुकान काढलं असतं तर आज सुखी असतो. मग तुम्हीच म्हणता, मराठी नाटकात आता भव्य काही येत नाही. भव्यतेला टेम्पो दोन लागतात.

८ जुलै १९२१ ला बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत संयुक्त 'मानापमान' केलं, तेव्हा तिकीट शंभर रुपयांपर्यंत होतं. एकोणीसशे एकवीसचे शंभर! लोकांनी काढलं. हो हो, स्वातंत्र्यलढ्याच्या टिळक स्वराज्य फंडासाठी होतं, माहीत आहे, कुणीतरी मला हे समजावायला येणारच. आणि त्याच बालगंधर्वांना १९३५ मध्ये प्रभातच्या बोलपटात काम करावं लागलं हेही माहीत आहे. केशवरावांच्या नावाचं कोल्हापुरातलं नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, तेव्हा रडणारे स्टेटस मी मोजायचे सोडून दिले. त्यातल्या किती जणांनी तिथे शेवटचं तिकीट कधी काढलं हे मी विचारणार नव्हतो, पण बायकोने शब्द तोंडात घातलाच आहे तर विचारतो.

आता निर्मात्याचा फोन आलाय. पुढच्या रविवारी दुपारी चारचा लावायचा की रात्री साडेआठचा? दुपारी लावला तर क्रिकेटची मॅच, रात्री लावला तर सोमवारी ऑफिस. 'पास बंद' असा बोर्ड लावतो म्हटलं तर म्हणाला, बोर्डाचा खर्च कशाला.