स्टॅनफर्डने आमच्या सरांना काहीही दिलेलं नाही

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबर आला की गणपती-नवरात्राच्या फ्लेक्सशेजारी आणखी एक फ्लेक्स लागतो. मधे कॉलेजच्या सरांचा पासपोर्ट फोटो, वर संस्थेच्या अध्यक्षांचा त्याच्या तिप्पट मोठा फोटो, आणि खाली सोनेरी अक्षरात 'स्टॅनफर्ड'. मी एका कॉलेजात शिकवतो आणि कॉम्प्युटर येतो म्हणून डिझाईनवाल्याला मजकूर पाठवायचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे या फ्लेक्सच्या पापात मीही वाटेकरी आहे हे आधीच सांगून टाकतो.

सोबत व्हॉट्सॲपवर जो मेसेज फिरतो तो थोड्याफार फरकाने असा असतो: "अभिमानास्पद! जगप्रसिद्ध स्टॅनफर्ड विद्यापीठाने जाहीर केलेल्या जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आपल्या सरांची निवड. जगभरातून कठोर निकषांवर ही निवड होते. विद्यापीठांनी आता वशिल्याचे पुरस्कार बंद करून हीच यादी प्रमाण मानावी, खऱ्या संशोधकांना न्याय मिळेल."

सरांवर माझा काडीचाही राग नाही, सर खरंच काम करणारे आहेत. पण या मेसेजमधलं जवळपास प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे लंगडं आहे.

"स्टॅनफर्ड विद्यापीठाने जाहीर केलेली"

नाही केली. स्टॅनफर्डमधे जॉन आयोनिडिस नावाचे एक प्राध्यापक आहेत, त्यांनी केविन बोयॅक, यरून बास वगैरे मंडळींना घेऊन २०१९ मधे हा डेटाबेस एका पेपरसोबत प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून तो अपडेट होत असतो. यातले बास एल्सेव्हिअर या जर्नल्स छापणाऱ्या कंपनीतले. डेटा स्कोपसचा, म्हणजे कुठला पेपर कुणी लिहिला नि त्याला कुणी संदर्भ दिला याची नोंद ठेवणाऱ्या डेटाबेसचा, स्कोपस एल्सेव्हिअरचं, आणि यादी ठेवलेली असते तीही एल्सेव्हिअरच्याच साईटवर. स्टॅनफर्डचा संबंध इतकाच की मुख्य लेखक तिथे नोकरीला आहे. आमच्या गणिताच्या मॅडमनी उद्या शहरातल्या वडापावच्या गाड्यांची यादी केली तर ती काय कॉलेजने जाहीर केलेली होते का? गंमत म्हणजे हे आयोनिडिस तेच, ज्यांनी २००५ मधे 'प्रसिद्ध होणारे बहुतेक निष्कर्ष चुकीचे असतात' असं छापून खळबळ उडवली होती. त्यांच्या नावावर आपण हार घालतोय.

"निवड झाली"

कुणी केली? समिती नाही, अर्ज नाही, मुलाखत नाही, सरांचा एकही पेपर कुणी उघडून वाचलेला नाही. कुणाच्या पेपरला किती जणांनी संदर्भ दिला याची बेरीज करून कॉम्प्युटरने लावलेली ती रांग आहे. सहा आकडे घेतात: एकूण सायटेशन्स (म्हणजे दुसऱ्या पेपरांनी दिलेले संदर्भ), एच-इंडेक्स (एच १० म्हणजे निदान दहा-दहा सायटेशन्स मिळालेले दहा पेपर), सहलेखकांच्या गर्दीप्रमाणे कमी केलेला एच-इंडेक्स, एकट्याने लिहिलेल्या पेपरची सायटेशन्स, मग त्यात पहिला लेखक असलेले पेपर मिळवून, मग शेवटचा लेखक असलेलेही मिळवून. यातून एक स्कोअर निघतो. खरं सांगायचं तर हा स्कोअर डोकं लावून केलाय, दीडशे नावांच्या पेपरमधे एकशेबाराव्या नंबरवर बसून फुकट श्रेय घेणाऱ्याला तो बऱ्यापैकी चाप लावतो, ते मान्य. पण एवढं करूनही ती मोजदादच राहते. आपल्याकडे बातमीत 'निवड' येतं, मग 'सन्मान' येतं, तिसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात 'पुरस्कार' होतो. एका ठिकाणी तर सर 'अमेरिकेला जाणार का' असंही विचारून झालं.

"जगातील अव्वल २ टक्के"

इथे जरा थांबू, कारण मी ती एक्सेल फाईल खरंच डाऊनलोड केलीय आणि ज्यांनी फॉरवर्ड केलंय त्यांच्यातल्या कुणी केली असेल असं मला वाटत नाही. फाईल उघडायलाच आमच्या स्टाफरूमच्या कॉम्प्युटरला चहा येऊन पिऊन होईपर्यंतचा वेळ लागला. दोन लाखांच्या वर नावं. नियम असा आहे की स्कोअरप्रमाणे पहिल्या एक लाखात असाल तर आत, किंवा आपल्या उपविषयात वरच्या २ टक्क्यांत असाल तरी आत, असे उपविषय १७४. म्हणून यादीत असूनही एखाद्याचा जागतिक रँक लाखाच्या बराच पलीकडे असू शकतो. आणि हे २ टक्के कशाचे? ज्यांचे स्कोपसमधे निदान पाच पेपर आहेत त्यांचे. स्कोपसमधे नाही तो संशोधक जन्मालाच आलेला नाही असं धरून.

बरं, याद्या दोन असतात, एक आख्ख्या करिअरची आणि एक फक्त त्या एका वर्षात मिळालेल्या सायटेशन्सची. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक, फ्लेक्सवर मात्र दोन्ही सारख्याच सोनेरी. करिअरवाल्या यादीत हयात नसलेले लोकही असतात, कारण सायटेशन्स माणूस गेल्यावर थांबत नाहीत. त्यांची 'निवड' झाल्याचा मेसेज अजून मला आलेला नाही.

आणि नावं. फाईलमधे नाव बरेचदा 'पाटील, एस. एस.' असं आडनाव-आद्याक्षर पद्धतीने असतं. कोल्हापुरात उभं राहून 'पाटील सर' अशी हाक मारली तर किती जण मागे वळून बघतील हे मी सांगायला नको. स्कोपस बहुतेक वेळा माणसं बरोबर वेगळी करतं, पण कधी दोन पाटलांचे पेपर एका खात्यात जातात, तर कधी एकाच पाटलांची दोन खाती होतात. चूक सापडली तर स्कोपसमधलं आपलं प्रोफाईल दुरुस्त करून घ्या असं यादी करणारेच सांगतात.

"कठोर निकष"

निकष कठोर असते तर मुळात त्याच फाईलमधले बाकीचे कॉलम कुणी लपवले नसते. नाव, रँक, देश इथपर्यंतचा स्क्रीनशॉट फिरतो. उजवीकडे सरकत गेलं की एक कॉलम येतो: स्वतःच स्वतःला दिलेल्या सायटेशन्सची टक्केवारी. २०१९ मधे हा डेटा आला तेव्हा 'नेचर'ने बातमी केली होती, त्यात चेन्नईचे एक कॉम्प्युटर सायन्सवाले होते ज्यांची ९४ टक्के सायटेशन्स स्वतःची किंवा सहलेखकांची होती. म्हणजे घरातल्यांनीच घरच्या लग्नात आहेर करायचा आणि रक्कम माईकवरून वाचून दाखवायची. असे निम्म्याहून जास्त घरगुती आहेरवाले साधारण अडीचशे जण तेव्हा सापडले. थोडं स्वतःला साईट करणं गैर नाही, एकाच विषयावर वीस वर्षं काम करणारा जुन्या कामाचा उल्लेख करणारच. पण तो कॉलम बघायचाच नाही, हे कसले निकष?

त्याच फाईलमधे, अलीकडच्या आवृत्त्यांत, मागे घेतलेल्या, म्हणजे छापून झाल्यावर रद्द केलेल्या पेपरची संख्या असते. आयोनिडिस मंडळींनीच हिशोब केला, करिअरच्या यादीत २,१७,०९७ नावं होती, त्यातल्या ७,०८३ जणांचा किमान एक पेपर मागे घेतला गेलेला. ३.३ टक्के. प्रत्येक मागे घेतलेला पेपर म्हणजे लबाडी असं नाही, प्रामाणिक चूक कबूल करून मागे घेणारेही असतात, त्यांना उलट मान द्यावा. पण यादीत आहे म्हणजे धुतल्या तांदळासारखा, असं ती यादी स्वतःसुद्धा म्हणत नाही. आपणच म्हणतो.

"यादीच प्रमाण माना, वशिला संपेल"

हा मुद्दा मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही, कारण त्यातली चीड खरी आहे. आपल्याकडे उत्कृष्ट संशोधक, आदर्श शिक्षक वगैरे पुरस्कारांचं काय चालतं ते आत असलेल्याला माहितीय. अर्ज आपणच करायचा. स्वतःच्या थोरवीची फाईल, तीन प्रती, स्पायरल बाइंडिंग, प्रत्येक पानावर सेल्फ अटेस्टेड, प्राचार्यांचं शिफारसपत्र (ते पण आपणच टाईप करून द्यायचं, ते फक्त सही करतात). मग समितीत कोण आहे याची चौकशी. हे बघितलेल्या माणसाला एक्सेल फाईल देवासारखी वाटली तर त्याला दोष कसा देणार? निदान कॉम्प्युटरला जात, गट आणि साडू नसतो.

पण ज्या आकड्यावर बक्षीस लावाल तो आकडा लोक बनवायला लागतात, आणि बनवणं किती सोपं आहे ते बघा. २०२४ मधे दोघा संशोधकांनी लॅरी नावाच्या मांजराच्या नावाने बारा बोगस पेपर तयार केले, आणखी बारा बोगस पेपर त्यांना संदर्भ द्यायला. ते नेटवर टाकले, गूगल स्कॉलर या पेपर शोधणाऱ्या गूगलच्या सेवेने मोजले, आणि लॅरी १३२ सायटेशन्स नि ११ एच-इंडेक्स घेऊन जगातलं सर्वात जास्त साईट झालेलं मांजर झालं. सायटेशन विकत देणाऱ्यांच्या जाहिराती बघून त्यांना ही कल्पना सुचली होती. गूगल स्कॉलर आणि स्कोपस एक नाही, स्कोपसमधे मांजर एवढ्या सहज घुसणार नाही, मान्य. पण माणसं घुसतात. क्लॅरिव्हेट ही दुसरी कंपनी दरवर्षी 'हायली साईटेड' संशोधकांची यादी काढते, तिने २०२३ मधे गणित हा आख्खा विषयच यादीतून काढून टाकला, कारण गणितात आधीच सायटेशन्स कमी, दहावीस जणांनी ठरवून एकमेकांना साईट केलं तरी यादी उलटीपालटी होते. तैवानमधलं एक मेडिकल विद्यापीठ, जिथे गणिताचा विभागच नाही, ते गणितातल्या सर्वात जास्त साईट होणाऱ्या पेपरांत भल्याभल्या विद्यापीठांच्या पुढे गेलं होतं!

लांब कशाला जायचं, आपल्याकडे प्राध्यापकांच्या प्रमोशनसाठी एपीआयचे, म्हणजे छापलेल्या पेपर वगैरेंवर मिळणारे पॉइंट आले आणि गल्लोगल्ली इंटरनॅशनल जर्नल निघाली, पैसे भरा, चार दिवसांत पेपर छापून घ्या. शेवटी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी, विद्यापीठांनीच शिफारस केलेल्या यादीतली १००९ जर्नल्स तपासली तर ८८ टक्क्यांहून जास्त साध्या निकषांतही बसेनात, आणि २०१८ च्या मे मधे यूजीसीने ४,३०५ जर्नल्स एका फटक्यात उडवली. तिथेही तर्क हाच होता ना, की वशिला नको, आकडा बोलू दे?

"खऱ्या संशोधकांना न्याय"

माझा एक मित्र तालुक्याच्या कॉलेजात बॉटनी शिकवतो. पावसाळ्यात सड्यावर गुडघ्यावर बसून भिंगातून गवतं बघत असतो, पँटला कायम तांबडी माती. समजा त्याला उद्या वनस्पतीची नवी जात सापडली. त्याचं नाव त्या जातीच्या नावापुढे कायमचं लागेल, पुढची शंभर वर्षं जो कुणी ती जात लिहील तो याचं नाव लिहील. आणि सायटेशन? त्याचं बहुतेक वेळा शून्य. कारण जातीमागे लेखकाचं नाव लिहितात पण त्याचा मूळ पेपर संदर्भसूचीत देत नाहीत, रीतच तशी आहे. हरिश्चंद्रगडावरच्या कंदीलपुष्पाचं नाव बघा, सेरोपेजिया लॉआय, आणि मागे शेपटीला हूकरचं नाव. किती जणांनी ते लिहिलं असेल! मोजदादीत मात्र ते धरलंच जात नाही.

किंवा पुण्यात डेक्कन कॉलेजला जा. संस्कृतचा महाकोश, १९४८ मधे सुरू झालेलं काम, सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या लोखंडी कपाटांत लावून ठेवलेल्या. इतक्या वर्षांत छापून झालाय तो अजून 'अ'च चालू आहे. तिथे आयुष्य घालवलेल्या माणसाचा एच-इंडेक्स किती येणार? मराठी बोलींवर, लोकगीतांवर मराठीत लिहिणाऱ्याचं तर सोडूनच द्या. त्याचं जर्नलच स्कोपसमधे नाही, मग तो ना २ टक्क्यांत ना ९८ टक्क्यांत. उलट मटेरियल सायन्स, नॅनो, सुपरकपॅसिटर अशा विषयांत जगभर हजारो लॅब एकच गोष्ट करत असतात, एकमेकांना साईट करत असतात, तिथे आकडे भराभर फुगतात. ते काम वाईट म्हणून नव्हे, गर्दी जास्त म्हणून. उपविषयवार २ टक्के काढून ही दरी थोडी भरते, पण मुळात जो स्कोपसच्या दारातच आला नाही त्याला उपविषय मिळणार कुठून.

मग विद्यापीठाने करायचं काय, असं कुणी म्हणेल. अर्जदाराकडून पाच पेपर मागवा, पाचच. बाहेरच्या राज्यातल्या, त्या विषयातल्या तिघांना द्या आणि त्यांनी काय वाचलं ते दोन पानांत लिहून घ्या, आणि ती दोन पानं वेबसाईटवर टाका, नावानिशी. वशिला त्यातही होईल, पण निदान कुणी काय लिहून वशिला लावला ते सगळ्यांना दिसेल. वेळ लागेल, मानधन द्यावं लागेल. फ्लेक्स स्वस्त पडतो, स्क्वेअर फुटावर असतो.

यंदा फ्लेक्स लागला त्या संध्याकाळी सर पार्किंगमधे भेटले. मी अभिनंदन केलं आणि सहज विचारलं, सर तुमचं सगळ्यात जास्त साईट झालेलं काम कुठलं? म्हणाले, अरे एक रिव्ह्यू पेपर आहे, दुसऱ्यांनी काय काय केलंय त्याचा आढावा, लॉकडाऊनमधे घरी बसून लिहिला. आणि ज्याच्यावर चार वर्षं घालवली, स्वतःच्या पगारातून केमिकल आणली, तो? त्याला नऊ सायटेशन्स. मग मला म्हणाले, तू वाचलायस का तो?

नव्हता वाचला. फ्लेक्सवर त्यांच्या एकाही पेपरचं नाव नव्हतं, आणि मजकूर मीच पाठवला होता.