समुद्र लांब आहे म्हणून

अ‍ॅशव्हिल हे नॉर्थ कॅरोलिनातलं डोंगरातलं शहर, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत. चक्रीवादळाची काळजी फ्लोरिडावाल्यांनी करावी, असाच इथला समज. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलीन चक्रीवादळ फ्लोरिडाला धडकलं आणि दुसऱ्या दिवशी इथल्या फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६ च्या महापुराची पातळीही ओलांडली. राज्यात शंभरहून अधिक माणसं गेली. नळाला पिण्याजोगं पाणी यायला सात आठवड्यांवर लागले.

जमिनीवर आलं की वादळाचा वारा मंदावतो. बाष्प मात्र टिकतं, डोंगराला अडतं आणि तिथेच कोसळतं. घाटमाथ्यावरचा पाऊस पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. शिवाय वादळाच्या आधीच्या पावसाने इथली जमीन तुडुंब झाली होती.

घराच्या नेहमीच्या विम्यात इथे पूर धरत नाहीत, तो विमा वेगळा घ्यावा लागतो. कर्जावरचं घर सरकारी नकाशातल्या पूरक्षेत्रात असेल तरच त्याची सक्ती. रेषेबाहेरच्या बहुतेकांनी तो घेतलाच नव्हता. रेषेबाहेर म्हणजे सुरक्षित, असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटू देणं हा मला यंत्रणेचा गुन्हाच वाटतो.

सांगली-कोल्हापूरकडची चर्चा इथून वाचताना म्हणूनच जीव तुटतो. पावसाळा आला की कर्नाटकातलं, कृष्णेवरचं अलमट्टी धरण. त्याची उंची ५१९.६ वरून ५२४ मीटरवर नेऊ नये, हे मलाही पटतं. धरणात पाणी तुंबून मागे आपल्याकडे चढेल, ही फुगवट्याची भीती खोटी नाही. पण २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने पात्रातल्या अतिक्रमणांवरही बोट ठेवलं होतं. त्यावर किती बोललं जातं? नदीकाठी आखलेल्या निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम नको, हा नियम आपल्याकडे आहे. तरी भराव पडतात, प्लॉट विकले जातात. कर्नाटकाशी भांडणं सोपं. आपल्याच नगरसेवकाला अडवणं अवघड.

एका बाबतीत मात्र आपलं गाव पुढे आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ वर धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरही सांगतं. इथे शेजाऱ्यांना आपल्या नदीची धोक्याची पातळी ठाऊक नव्हती. ती जाण आपल्याकडे आहेच, तर फ्लॅटच्या करारात २०१९ आणि २०२१ ला त्या जागी किती फूट पाणी होतं, हे छापायला बिल्डरला भाग का पाडू नये? पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला हाच प्रश्न विचारा, असं मी घरच्यांना सांगितलं आहे.