अनवाणी पायांची गोष्ट पुरे, त्यांच्या खेळाबद्दल बोला

भारताच्या जुन्या फुटबॉल टीमचा विषय निघाला की कोणीतरी लगेच म्हणतंच, अरे ते अनवाणी खेळायचे ना, म्हणून तर 1950 चा वर्ल्डकप हुकला. झालं, विषय संपला. मला खरंच राग येतो या गोष्टीचा. एक तर वर्ल्डकपला न जाण्याचं कारण बूट नव्हतेच, फेडरेशनला तेव्हा ऑलिम्पिक जास्त मोठं वाटत होतं. आणि दुसरं म्हणजे 1952 ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 ने धुतलं, त्यानंतर बूट सक्तीचे झाले, आणि 1951 चं दिल्ली एशियन गेम्सचं गोल्ड सोडलं तर आपली सगळ्यात भारी कामगिरी त्या नंतरचीच आहे. म्हणजे आपण ज्या गोष्टीवरून त्यांना ओळखतो ती त्यांच्या उत्तम काळाची गोष्टच नाही.

1956 चं मेलबर्न ऑलिम्पिक घ्या. यजमान ऑस्ट्रेलियाला 4-2 ने हरवलं आणि त्यात नेव्हिल डिसूझाची हॅटट्रिक, ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू. सेमीफायनलला समोर तीच युगोस्लाव्हिया, आणि पहिला गोल कोणी केला तर नेव्हिलनेच! पुढे 4-1 ने हरलो, ब्राँझची मॅच बल्गेरियाकडून गेली, पण भारत चौथा आला आणि स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत नेव्हिल संयुक्तपणे पहिला होता. हा माणूस मूळचा गोव्याचा, पण मुंबईत टाटांच्या टीमकडून खेळायचा. आणि मुंबईत किती जणांना त्याचं नाव माहितीये? वाडेकर, गावसकर तोंडपाठ असलेल्या आपल्या लोकांना नेव्हिल कोण हे सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं.

मग 1962 चे जकार्ता एशियन गेम्स. तिथली फायनल माझ्या मते भारतीय फुटबॉलमधली सगळ्यात मोठी मॅच. इस्रायल आणि तैवानला इंडोनेशियाने येऊ दिलं नाही, त्यावर आपले अधिकारी सोंधी बोलले म्हणून तिथली पब्लिक आपल्यावर भडकलेली, लाखभर लोकांचं स्टेडियम पूर्ण विरोधात. जर्नैल सिंग डिफेंडर, पण डोक्याला मार लागून टाके पडलेले, तर कोच रहीमसाहेबांनी त्याला सेमीपासून चक्क फॉरवर्डला खेळवलं. फायनलला पीके बॅनर्जीने पहिला गोल केला, दुसरा त्याच जर्नैलने, आणि ज्या दक्षिण कोरियाने ग्रुपमध्ये आपल्याला हरवलं होतं त्यांना 2-1 ने हरवून गोल्ड! चुनी गोस्वामी कॅप्टन, गोलमध्ये थंगराज, मिडफिल्डला फ्रँको, आणि तुलसीदास बलराम. कोणाचंही नाव घ्या, तो त्या काळात आशियातल्या कुठल्याही टीममध्ये बसला असता, हे मी पूर्ण विचार करून लिहितोय.

यामागे डोकं रहीमसाहेबांचं. हैदराबादचे शाळामास्तर. पोरांचा कमजोर पाय तयार व्हावा म्हणून फक्त त्याच पायाने खेळायच्या स्पर्धा घ्यायचे, ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा घ्यायचे म्हणजे पास द्यायची सवय लागेल. आज अकॅडमीवाले असलंच काही शिकवायचे भरपूर पैसे घेतात. जकार्तानंतर वर्षभरात, जून 1963 मध्ये ते कॅन्सरने गेले. आता त्यांच्यावर हिंदी सिनेमा आला म्हणून निदान नाव तरी लोकांच्या कानावर पडलं.

बलरामचं तर फारच वाईट वाटतं. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये हंगेरीविरुद्ध गोल, पेरूविरुद्ध गोल, आणि तब्येतीमुळे ऐन भरात, तिशीच्या आत खेळ सोडावा लागला. अर्जुन मिळालं. पीके आणि चुनीला पद्मश्री मिळाली, ती मिळायलाच हवी होती, पण त्याच फळीतल्या या तिसऱ्या माणसाला 2023 मध्ये जाईपर्यंत ती दिली नाही, आणि हे मला अजिबात पटत नाही.

कोणाच्या घरी वडिलांकडे, आजोबांकडे मुंबईतल्या कूपरेज मैदानावरच्या त्या काळातल्या मॅचेसचे फोटो, पेपरची कात्रणं असतील तर प्लीज कमेंटमध्ये टाका. नेव्हिलचं काही असेल तर आधी ते टाका.