दात मोजून नाव कळत नाही

किनाऱ्यावर अनोळखी मृतदेह सापडल्याची बातमी आली की गोव्यातील व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. दात बोटांच्या ठशांसारखेच असतात, ते मोजले की मृत व्यक्ती कोण, स्त्री की पुरुष, वय किती हे शंभर टक्के कळते आणि चाव्याच्या खुणेवरून गुन्हेगारही सापडतो, असा त्याचा दावा आहे.

यातील पहिले विधान मुळातच अपुरे आहे. इंटरपोल ठसे आणि डीएनएबरोबर दातांनाही ओळखीचे प्रमुख साधन मानते हे खरे. परंतु ओळख पटते ती जिवंतपणीच्या नोंदींशी, म्हणजे क्ष-किरण चित्रे, भरलेले दात, रूट कॅनल, कवळी यांच्याशी तुलना करून. १७७६ साली बॉस्टनमध्ये दंतकामही करणाऱ्या पॉल रेव्हिअर या कारागिराने लढाईत मारल्या गेलेल्या जोसेफ वॉरनचा मृतदेह ओळखला तो स्वतः तारेने बसवलेल्या कृत्रिम दातावरून. परराज्यातून आलेल्या ज्या मजुराने दंतवैद्याची पायरीच चढलेली नाही, त्याचे दात बांबोळीच्या शवागारात कितीही काटेकोर मोजले, तरी ते माप ताडून पाहायचे कशाशी?

लिंगनिश्चितीचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. पुरुषांचा खालचा सुळा सरासरीने रुंद असतो. मात्र हा फरक मिलिमीटरच्या अंशांत असतो आणि दोन्ही गटांची मापे एकमेकांत बरीच मिसळतात. सुळ्याच्या रुंदीला दोन सुळ्यांमधील अंतराने भागून मिळणारा निर्देशांक १९८९ साली भारतीय संशोधकांनी मांडला, तेव्हा सुमारे ८५ टक्के अचूकता सांगितली गेली. पुढे त्यावर जो आक्षेप आला तो मला निर्णायक वाटतो: पुरुषांत सुळाही मोठा आणि ते अंतरही मोठे, त्यामुळे भागाकार करताच जो फरक टिपायचा तोच पुसट होतो. त्यापेक्षा मूळ मापे बरी, तीही त्याच लोकसमूहाच्या मानकांशी ताडलेली.

वयाबाबत बोलायचे तर मुलांमध्ये दातांच्या वाढीचे टप्पे पाहतात, लांबी-रुंदी नव्हे. हे टप्पे मोजणारी १९७३ ची डेमिर्जियन पद्धतही फ्रेंच-कॅनडियन मुलांवर बेतलेली होती, त्यामुळे ती इतर मुलांना जशीच्या तशी लावता येत नाही. प्रौढांत अंदाजाची कक्षा अनेक वर्षांची असते.

चाव्याच्या खुणांविषयीचा दावा तर घातकच आहे. त्वचा ताणली जाते, सुजते; तिच्यावर उमटलेले माप विश्वासार्ह राहत नाही. अमेरिकेत रे क्रोन याला अशाच पुराव्यावर १९९२ साली दोषी ठरवले गेले आणि २००२ साली डीएनए चाचणीने त्याची सुटका झाली.